एवढ्याशानं काय होतंय?

दिवाळीचं दळण घेऊन गेलं की आमचा गिरणीवाला न चुकता विचारतो, "बाई, कशावर टाकू?" लहानपणी आई पिशवी हातात देतानाच बजावायची, "तांदूळ तांदळावरच टाकायला सांग हो, गव्हावर नको!" आधीच्याचं पीठ मिसळतं आणि पांढऱ्याशुभ्र पिठीचा रंग जातो, एवढंच तिचं म्हणणं. हा सारा रंगाचा आणि चवीचा मामला, अशी माझीही इतकी वर्षं समजूत होती. तीन वर्षांपूर्वी माझी भाची नागपूरहून पुण्याला शिकायला आली, आणि तोच प्रश्न आमच्या घरात प्रकृतीचा होऊन बसला.

या मुलीला गहू वर्ज्य आहे. आवडत नाही म्हणून नव्हे आणि कंबर बारीक करायची म्हणूनही नव्हे. हल्ली हौसेनं गहू सोडणारी मंडळी पुष्कळ भेटतात आणि महिन्याभरानं हौसेनंच पुन्हा धरतात. त्यांच्या पायी हिच्यासारख्यांचं कुणी खरं मानत नाही, हा माझा त्यांच्यावर राग आहे.

कणकेचा गोळा पाण्यात चोळचोळून धुवावा. पिठूळ पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. पोळी लाटताना फाटत नाही ती याच्याच जोरावर. हे ग्लूटेन. गव्हात ते आहे, सातूतही तसलंच काही आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांत ते नाही. आपल्या आतड्याच्या अस्तराला मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्न अंगी लागतं ते त्या लवेतून. सिलिॲक नावाचा हा विकार असला की पोटात ग्लूटेन गेल्याबरोबर शरीराची संरक्षक फौज आपल्याच घरावर उलटते आणि ती लव झडून अस्तर सपाट होतं. मग पंचपक्वान्नं जेवा, माणूस वाळतच जातो. आमच्या ताईनं हिला दहा वर्षं टॉनिकं पाजली आणि "अंगाला काही लागत नाही" म्हणून दृष्टही काढली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासून, आतड्याचा कण काढून पाहिला, तेव्हा निदान झालं. औषध एकच : जन्मभर गहू नाही.

गहू हाच आरोपी, हेदेखील जगाला फार उशिरा कळलं. डिके नावाच्या हॉलंडमधल्या बालरोगतज्ज्ञांना महायुद्धाच्या आधीच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि हा विकार असलेली मुलं मात्र सुधारली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध लिहिला. म्हणजे त्याआधीच्या साऱ्या आयांनी मुलांना ताकद यावी म्हणून जे भरवलं, त्यात तोच पाव असणार!

तर ही मुलगी वसतिगृहात राहते. पोह्यांचा दिवस तिचा सणाचा आणि उपम्याचा दिवस तिचा केळ्याचा. खानावळीत भात-आमटी आहे की, असं आपल्याला वाटतं. पण आमटीला फोडणी आहे, फोडणीत हिंग आहे, आणि पातळ रश्शाला दाटपणा यावा म्हणून घातलेला चमचाभर मैदाही आहे. मैत्रिणींबरोबर चिनी पदार्थांच्या गाडीवर गेली, तर तो भातही तिला चालत नाही, कारण त्या काळ्या सॉसमध्ये बहुधा गहू असतो. बटाटेवडा बेसनाचा खरा, पण त्याच तेलात आधी समोसे पोहून गेलेले. दुकानात 'ग्लूटेनविरहित' छापलेली बिस्किटं मिळतात. किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियमही आहे. पण त्यांची किंमत पाहिली की विद्यार्थिनीनं राजगिऱ्याचा लाडू खावा हेच बरं.

गंमत अशी की तिला सगळ्यांत जास्त मदत होते ती उपवासाची. "उपवासाचं काय आहे?" एवढं विचारलं की साबुदाणा, वरी, शिंगाडा, दाणे सारे धावून येतात आणि जास्त स्पष्टीकरण लागत नाही. खानावळीच्या बाईंची अशी ठाम समजूत आहे की ही मुलगी फार धार्मिक आहे!

गेल्या वर्षी आश्विनात तिला कॉलेजच्या कामासाठी दोन आठवडे दिल्लीला जायचं होतं. ताईचा जीव थोडाथोडा झाला. गव्हाच्या मुलखात निघालेली पोर! बरोबर ज्वारीच्या लाह्या, गूळ-दाणे, तांदळाच्या भाकऱ्या, आणि हिंदीत लिहिलेलं एक कार्ड : गेहूँ, आटा, मैदा, सूजी, दलिया, सेवई, जौ, यांपैकी काही चालत नाही. इतकी नावं कशाला, म्हणून मी हसले. तर म्हणाली, "मावशी, नुसतं गहू म्हटलं की लोक सांगतात, नाही हो, गहू नाही, मैदा आहे!"

गाडीत समोरच्या बाईंनी पराठ्यांचा डबा उघडला. "घर का है, बेटा" पासून सुरुवात झाली आणि "इतनेसे क्या होता है" वर गाडी आली. हिनं कार्ड पुढं केलं. बाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, डबा बंद केला, पिशवीतून दोन केळी काढली आणि म्हणाल्या, "साल तूच काढ, माझ्या हाताला पराठा लागलाय." ही पोर अजून त्या बाईंची आठवण काढते. नाही म्हटल्यावर न रागावणारी माणसं भेटतात. पण हाताला काय लागलंय हे आपणहून ओळखणारी विरळा.

आणि दिल्लीत पाहते तो नवरात्र लागलेलं! निम्मं शहर गव्हाला शिवत नव्हतं. शिंगाड्याच्या पुऱ्या, समाचे तांदूळ, कुट्टू नावाच्या तिकोनी दाण्याचं पीठ. हे पीठ कुठं दळलंय, हा प्रश्न तिथंही सुटला नव्हताच, म्हणून ती पुरी सोडून तांदूळ घ्यायची. पण भिऊन गेली तेवढं जड गेलं नाही. शिवाय उत्तर भारतात हा विकार साधारण शंभरात एकाला आहे, दक्षिणेकडे फार कमी. त्यामुळे तिकडे एकदोघांनी कार्ड न वाचताच मान डोलावली. पुण्यात अजून मला दोन मजल्यांच्या सगळ्या शेजारणींना समजवावं लागतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते; ती सांगायला जीभ जरा जड होते. दर रविवारी ही माझ्याकडे जेवायला यायची आणि सोमवारी आजारी पडायची. "त्या खानावळीचं अन्नच तसलं," असं मी चारचौघांत सांगत असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटाला हलकं म्हणून मी तिला मेतकूट-भात केला. दुसऱ्या दिवशी पेपर अर्धा टाकून ती उठून आली. पुढं केव्हातरी भांडी विसळता विसळता तिनं सहज विचारलं, "मावशी, तुझ्या मेतकुटात काय काय असतं गं?" मी अभिमानानं म्हणू लागले, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मूठभर गहू... आणि तिथंच थांबले. ती म्हणाली, "लागतं मात्र छान."

तिला केव्हाच संशय आला होता. मला वाईट वाटेल म्हणून चार महिने बोलली नव्हती. त्या रात्री मी चष्मा लावून हिंगाची डबी वाचली : डिंक, मैदा आणि सगळ्यांत शेवटी हिंग.

आईचं प्रकरण याहून अवघड. तिचं वय ब्याऐंशी. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन ही पोर कपाळाला लावायची आणि हळूच माझ्या मुलाच्या हातावर ठेवायची. आईच्या नजरेतून काय सुटतं? "प्रसाद नाकारू नये. देवाच्या घासानं कुणाला बाधत नसतं. एवढ्याशानं काय होतंय?" पोरीनं आजीकडं पाहिलं आणि तो घास खाल्ला. मी तिथंच उभी होते आणि मी काही बोलले नाही. तीन दिवस ती अंथरुणावर होती. आई तिच्या उशाशी बसून होती. बोलली तीही नाही.

यंदा श्रावणात पूजेच्या आधी आईनं गुरुजींना फोन लावला. "गव्हाच्या रव्याशिवाय प्रसाद होतो का हो?" गुरुजी म्हणाले, "आजी, पोथीतच आहे. गव्हाचं नसेल तर तांदळाचं पीठ घ्यावं. तुम्ही इतकी वर्षं कथा ऐकता, तुमचं लक्ष कुठं असतं?" आईनं फोन ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले. गिरणीत मात्र पाठवले नाहीत. घरीच वाळवून, घासलेल्या मिक्सरमधून काढले. प्रसाद जरासा चिकट झाला. पोरीनं तीनदा मागून घेतला.

या दिवाळीला चकल्या, अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा आधी झाले. त्याच ताज्या तेलात चिरोटे आणि शंकरपाळी मागाहून. कढईजवळ स्टूल टाकून आई दोन दिवस पहाऱ्याला बसली होती. नागपूरच्या गाडीसाठी डबा भरून ठेवलाय. त्याच्या झाकणावर आईनं चिकटपट्टी लावून लिहिलंय : "कुणी हात लावू नये. आधी हात धुवावे." दोन्ही एकदम कसं करायचं, हे मी तिला विचारलेलं नाही.