आधी कोणते पुस्तक वाचावे?

आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयास एका माजी विद्यार्थ्याने सी. एस. लुईस या लेखकाच्या नार्नियाकथांचा सात पुस्तकांचा इंग्रजी संच भेट दिला, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एक वाद चालू आहे. सायंकाळच्या वंदनेनंतर वाचनाच्या तासाला आम्ही ही पुस्तके वाचून दाखवतो व मराठीतून समजावून सांगतो. वाद इतकाच, की आरंभ कोणत्या पुस्तकापासून करावा?

ही पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे प्रसिद्ध झाली. पहिले पुस्तक सिंह, चेटकीण आणि कपाट यांचे. ल्यूसी नावाची लहान मुलगी लाकडी कपाटात शिरते आणि बर्फाच्छादित अरण्यात पोहोचते. तेथे तिला दिसतो दिव्याचा एक खांब. अरण्यात हा खांब आला कोठून, याचे उत्तर लुईस यांनी पाच वर्षांनी, १९५५च्या ‘जादूगाराचा भाचा’ या सहाव्या पुस्तकात दिले. त्यात नार्नियाच्या जन्माची कथा आहे. पुढे १९९४ नंतरच्या बहुतेक आवृत्त्यांत प्रकाशकांनी कथेतील काळ प्रमाण मानला आणि या सहाव्या पुस्तकावर एक हा आकडा घातला. आमच्या संचावरही तेच आकडे आहेत.

आमचे एक सहकारी म्हणतात, “आजोबांच्या आधी नातू कसा जन्मेल? घडले त्या क्रमानेच वाचावे.” इतिहास शिकवणाऱ्याने खरे तर त्यांच्याच बाजूने उभे राहावे. परंतु आमचे मत वेगळे आहे, आणि ते महाडच्या मातीतच तयार झाले आहे.

शिवथरचे नाव काढले की बाहेरच्या लोकांना घळ आणि दासबोध आठवतो. आमच्या मुलांना मात्र खाली महाडचे चवदार तळे ठाऊक असते. पाचवीतले मूल २० मार्चला आईबापांचे बोट धरून तळ्याच्या पायऱ्या उतरते. १९२७ साली येथे बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्याले, एवढेच त्याला माहीत असते. आठवीत तेच मूल विचारते, “तळे सार्वजनिक होते, तर सत्याग्रह का करावा लागला?” तेव्हा आम्ही मागचे पान उघडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झालेला सीताराम केशव बोले यांचा ठराव, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव, आणि त्याही मागे याच तालुक्यात रावढळला जन्मलेले गोपाळबाबा वलंगकर. बोले ठरावापासून आरंभ केला असता, तर मुलाच्या हाती केवळ एक सनावळी पडली असती. तळ्यापासून आरंभ केल्यामुळे त्याच ठरावाला वजन येते. कागदावर मिळालेला हक्क आणि ओंजळीत आलेले पाणी यांतील अंतर त्याला उमगते.

पुढची वाट मात्र सरळ क्रमानेच चालावी लागते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. या घटना उलटसुलट सांगून चालणार नाहीत. तात्पर्य, आधी दार उघडावे, मग पुढे चालावे. आणि प्रश्न उभा राहिला म्हणजे मागे वळावे.

ही रीत परकी नाही. आपल्या ५४७ जातककथांची मांडणी पाहावी. प्रत्येक कथेत आधी वर्तमानातला प्रसंग येतो, त्यानंतर भूतकाळाची कथा, आणि शेवटी दोहोंचा मेळ घातला जातो. संपूर्ण संग्रहही बोधिसत्त्वाच्या जन्मांच्या क्रमाने लावलेला नाही, तर गाथांच्या संख्येनुसार लावलेला आहे. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम या दोन गोष्टी आहेत, हे त्या काळच्या संग्राहकांना ठाऊक होते.

काही पालक विचारतात, “बौद्धांच्या शाळेत जादू, चेटकीण हवी कशाला?” प्रश्न रास्त आहे. जातकातील पूर्वजन्म आम्ही कथा म्हणून वाचतो, तसेच हे. कपाटातून अरण्यात जाता येत नाही, हे सहावीतल्या मुलास पक्के माहीत असते. कल्पित म्हणून सांगितलेली जादू घातक नसते. खरी म्हणून खपवलेली घातक असते.

या संचातील खरा धोका वेगळाच आहे. लुईस श्रद्धाळू ख्रिस्ती होते व त्यांच्या सिंहावर येशूची छाया आहे. ते मुलांना सांगून टाकावे. पण ‘घोडा आणि त्याचा मुलगा’ या पुस्तकात कॅलॉर्मेन नावाचा देश येतो. तेथील लोक काळसर वर्णाचे, पगडी बांधणारे, गुलाम बाळगणारे आणि बहुतांशी क्रूर. वर्गात एका मुलीने विचारले, “सर, वाईट माणसं आपल्यासारखी का दिसतात?” नव्या आकड्यांनुसार हे पुस्तक तिसरे आहे, प्रकाशनाच्या क्रमानुसार पाचवे. चार पुस्तके वाचून लेखकाशी ओळख झालेले मूल त्याच्याशी भांडू शकते. नवखे मूल मात्र तो अपमान निमूटपणे गिळते. ज्यांच्या वाडवडिलांनी असे अपमान पिढ्यान्‌पिढ्या गिळले, त्यांच्या मुलांना हाती पुस्तक देताना हा विचार क्षुल्लक मानता येणार नाही.

खुद्द लुईस यांनी १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात घटनाक्रमाकडे कल दाखवला होता. पण क्रमाला फारसे महत्त्व नसेलही, असेही त्यांनी म्हटले. त्यांचे मत आम्ही आदराने ऐकतो. परंतु कालामसुत्त शिकवते की केवळ गुरू सांगतात म्हणून स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे. पारखून आम्ही पुस्तकांच्या पाठीवर नवे आकडे चिकटवले आहेत, प्रकाशनाच्या क्रमाचे. जुने आकडे खोडलेले नाहीत. मोठी मुले दोन्ही आकडे पाहतात आणि वाद घालतात, याचा आम्हाला आनंदच आहे.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. ग्रंथालयास मालिका देणार असाल, तर पूर्ण संच द्यावा. आमच्या कपाटात मधलेच भाग असलेल्या कितीतरी मालिका पडून आहेत. सुटीत वाडीवर गेलेल्या मुलाला पुढचा भाग विकत घेणे शक्य नसते. त्याची गोष्ट तेथेच थांबते. आपल्या समाजाने अर्धवट सुटलेल्या शाळा पुष्कळ पाहिल्या आहेत. निदान गोष्ट तरी अर्ध्यावर सुटू नये.

जय भीम.