रात्रही मोजली जाते

आमच्या खारीतल्या घरात भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता आहे. मगरिब नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे. शेवंतीला असा तक्ता लागत नाही. दिवस लहान झाला की ती कळ्या धरते. खरं तर ती मोजते तो सलग अंधार. म्हणून फुलं लांबवायची असली की फुलशेतीवाले मध्यरात्री काही वेळ दिवे लावतात आणि ती फसते! कोकणातल्या गरव्या भाताच्या जुन्या वाणांनाही रात्र वाढू लागल्यावरच लोंब्या येतात.

मग रस्त्यावरचे दिवे पहाटेपर्यंत झाडांच्या शेंड्यांवर कशाला? रात्रपाळीहून परतणाऱ्या बायकांना उजेड हवाच, त्यात तडजोड नको. पण दिव्याला वरून झाकण घालून तो खाली रस्त्यावरच पाडायला काय हरकत आहे?