नवस आणि नोंद

इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जेथे नीरा भीमेला मिळते, तेथे नरसिंहपूरचे लक्ष्मी-नृसिंहाचे देवस्थान आहे. अनेक घराण्यांचे ते कुलदैवत. लग्नानंतर जोडपी तेथे पाया पडण्यास येतात. मूल व्हावे म्हणून कोणी नवस बोलतात, झाले म्हणून कोणी तो फेडण्यास येतात. अशा नवसांचे शब्द नीट ऐकले, तर एक गोष्ट ध्यानात येते. मागणे बहुधा बाळासाठी असते. आईसाठी स्वतंत्र मागणे क्वचितच असते. तिचे सुखरूप असणे जणू गृहीतच धरलेले. वस्तुतः ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असे आपल्याच घराघरांतून म्हटले जाते. दुसरा जन्म म्हणताना मध्ये एक मरण टळले, हे आपण कबूल करीत असतो. मग त्या मरणाचा विचार आधी का होऊ नये?

जोखमीच्या गर्भारपणाबद्दल बोलताना आपल्याकडे दोन पक्ष चटकन उभे राहतात. एक पक्ष नवसाला हसतो. दुसरा ‘देव आहे ना’ म्हणून दवाखान्याचे कार्ड ट्रंकेत टाकतो. या दोघांशीही प्रस्तुत लेखकाचा वाद आहे.

श्रद्धेला हसणाऱ्यांनी त्या घरात एक रात्र काढून पाहावी. आधीचे दोन गर्भ गेलेले, रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी अंथरुणावरून हलू नये असे सांगितलेले. अशा स्त्रीला नऊ महिने म्हणजे दोनशेसत्तर रात्री काढावयाच्या असतात. गोळीने रक्तदाब उतरतो, भय उतरत नाही. त्या रात्रींत देव्हाऱ्यातला दिवा, सासूने लावलेला अंगारा आणि आईने धरलेला उपवास तिला ‘तू एकटी नाहीस’ एवढे तरी सांगतात. हा आधार खरा आहे. ज्या डॉक्टरला हे कळते, त्याचे म्हणणे रुग्ण ऐकतो. जो आल्याआल्या ‘इतके दिवस काय झोपला होतात?’ असे दरडावतो, त्याच्या दारी ते घर पुन्हा लवकर येत नाही.

परंतु श्रद्धेने धीर द्यावा, निर्णय टाळण्यास निमित्त देऊ नये. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज चढणे ही दृष्ट लागल्याची लक्षणे नव्हेत. रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेल्याची ती खूण असू शकते आणि पुढची पायरी झटक्यांची असते. मॅग्नेशियम सल्फेट हे काही महागडे औषध नव्हे. ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. मात्र औषध दवाखान्यात आणि बाई घरी असेल, तर त्याचा उपयोग काय? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तर काही तासांतच जीव घेऊ शकतो. तेथे पंचांग पाहण्यास सवड नसते.

हे भान महाराष्ट्राला फार वर्षांपूर्वी एका दुःखातून आले आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे बाळ दहाच दिवस जगले. त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवी मिळविली, आणि पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंनी आपली श्रद्धा सोडली नव्हती. शोक करून त्या थांबल्या मात्र नाहीत.

आज आशेला आधार आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. ही घट आपोआप झालेली नाही. २००५ पासून गावोगाव आलेल्या आशा कार्यकर्त्या, दवाखान्यात होऊ लागलेली बाळंतपणे, २०१४ पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, २०१६ पासून दरमहा ९ तारखेस होणारी गर्भवतींची मोफत तपासणी, अशा अनेक हातांचे हे श्रेय आहे. बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एके काळी अडलेल्या बाळंतिणीसाठी शंभर किलोमीटरांवरच्या पुण्याची वाट धरावी लागे. तेथे ही सोय लहान नव्हे.

परंतु ही आशा कोणाकोणाच्या वाट्याला येते? दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पोटुशी बाईही त्याच कोयत्याचा अर्धा भाग. तिची नोंद गावाकडे, कार्ड गावाकडे, तिला ओळखणारी आशाताईही गावाकडे. आणि ती स्वतः येथे फडात, कोपीत. एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा पडतो, म्हणून ९ तारीख येते आणि जाते. तिच्यापाशी श्रद्धा भरपूर असते. नसते ती फक्त तिची विचारपूस करणारे कोणी. ज्या साखरेने या भागात शाळा, महाविद्यालये आणि रस्ते उभे केले, त्या साखरेवर या बाईचा काहीच हक्क नाही काय? कारखान्याने टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गर्भवतीची नोंद जवळच्या आरोग्य केंद्रात करविली आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये असे मुकादमास बजावले, तर त्याला पैसा थोडा आणि इच्छा अधिक लागेल.

हे काम एकट्या सरकारचे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्यकार्य सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना हाताशी धरले. शिकविले तर खेड्यातली बाई दुसऱ्या बाईचा जीव वाचवू शकते, हे तेथे सिद्ध झाले. आज तेच काम करणाऱ्या आशाताईंना २०२३ साली मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. जिच्या नावातच आशा, तिलाच निराश करून आपण कोणत्या आशेच्या गोष्टी बोलणार?

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना या बाबतीत पुष्कळ करता येईल. आपल्या आळीत कोण जोखमीची गर्भवती आहे, तिचा रक्तगट कोणता, रात्री वाहन कोणाचे मिळेल आणि जवळ कोठे शस्त्रक्रियेची सोय आहे, या चार गोष्टी सातव्या महिन्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात. डोहाळजेवणाला पाचपन्नास बायका जमतात. त्याच दिवशी त्या घरासाठी रक्त देणाऱ्या दोघांची नावे कागदावर लिहिली गेली, तर ओटी खऱ्या अर्थाने भरली असे म्हणता येईल. पहिलटकरीण माहेरी निघाली की साडीबरोबर तिचे कार्डही पिशवीत जावे.

इतके करूनही काही वेळा हातून जीव निसटतो. वैद्यक सर्वसमर्थ नाही. त्या घडीला श्रद्धेखेरीज माणसापाशी काही उरत नाही, आणि तेव्हा तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ‘देवाची मर्जी’ हे शब्द आपले सर्व करून झाल्यावर उच्चारावयाचे आहेत, आरंभी नव्हे.

नरसिंहपूरच्या पायऱ्यांवर नवस अवश्य बोलावा. त्यात बाळाबरोबर आईचेही नाव घ्यावे, आणि परतताना वाटेवरच्या आरोग्य केंद्रात तेच नाव नोंदवून यावे.