गैरलायक

जुन्या नाशिकमध्ये एक समज पक्का आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अरबी येतंच. त्यामुळे आखातातून आलेले कागद, औषधांची खोकी, एकदा तर अत्तराच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा माझ्याकडे वाचायला आलेलं आहे. लिपी ओळखीची असल्यामुळे मी अंदाजाने सांगतो आणि अडलं तर मदरशातल्या मौलानांना विचारतो.

असाच एक कागद माझ्या जुन्या विद्यार्थ्याने आणला. तो आखातातल्या एका देशात पाच वर्षं एसी दुरुस्तीचं काम करत होता. (त्याच्या परवानगीनेच लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कागदाची घडी इतक्या वेळा घातली होती की ती तिथे फाटायला आली होती. मधल्या ओळीत शिक्का होता, ‘गैर लाइक तिब्बियन’. हे वाचायला मौलानांची गरज नव्हती. वैद्यकीयदृष्ट्या लायक नाही. इंग्रजीत त्यालाच ‘अनफिट’ म्हणतात.

हा ‘लायक’ शब्द अरबीतून फारसी-उर्दूत आला आणि मराठीतही रुळला. मी तो वर्गात रोज वापरतो. कुणी गृहपाठ केला नाही की ‘नालायका’ म्हणून मोकळा होतो. याच मुलालाही कधीतरी म्हणालो असेन.

व्हिसा रिन्यू करताना रक्त घेतलं. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा घेतलं. मग त्याला एका खोलीत बसवलं आणि मोबाइल काढून घेतला. काय झालं ते कुणी सांगितलं नाही. शेवटी एका केरळी कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं, ‘भाई, एचआयव्ही.’ काही दिवसांत विमानात बसवलं. दीड महिन्याचा पगार आणि बॅग तिथेच राहिली. बरोबर आला तो हा कागद. कुठे जा, कोणत्या डॉक्टरला भेट, कोणती गोळी सुरू कर, यातलं त्यात काहीच नव्हतं.

घरी त्याने सांगितलं, कंपनी बंद पडली. मोहल्ल्याने विश्वास ठेवला, कारण कंपन्या खरंच बंद पडतात. आठ महिने त्याने उपचार घेतले नाहीत. तो बायकोपासून लांब राहिला, पण का ते तिला सांगू शकला नाही. तिला वाटलं तिकडे दुसरी कुणी आहे.

मला राग आला तो या आठ महिन्यांचा.

परदेशी माणसाला ठेवायचं की नाही हा त्या देशाचा अधिकार आहे, असं लोक म्हणतात. मान्य, पण तो अधिकार कुणावर चालवला जातो तेही पाहावं. मजा करायला, मॉल बघायला आठवड्याभराच्या टूरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याचं रक्त कुणी घेत नाही. घेतलं जातं ते मिस्त्री, ड्रायव्हर, नर्स, घरकाम करणारी बाई यांचं. स्वतःच्या नागरिकांना हे देश एचआयव्हीवर उपचार देतात, म्हणजे औषध आहे आणि डॉक्टरही आहेत. हद्दपार होतो तो विषाणू नाही, मजूर होतो. शिवाय हा मुलगा जाताना निगेटिव्ह होता. तसं नसतं तर मुंबईच्या मेडिकलमध्येच अडकला असता आणि व्हिसा मिळाला नसता. लागण कुठे झाली हे त्याला नक्की सांगता येत नाही. मी विचारलंही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएनएड्स’ या संस्थेने 2019 मध्ये जाहीर केलं की सुमारे 48 देश आणि प्रदेशांत एचआयव्हीवरून प्रवेश किंवा वास्तव्यावर निर्बंध आहेत आणि त्यातले 19 परदेशी माणसाला सरळ परत पाठवतात. आखातातले आपल्या लोकांचे सगळे नेहमीचे देश त्यात येतात. हे फक्त अरबांचं आहे असंही नाही. अमेरिकेने अशी बंदी 1987 पासून चालवली आणि 4 जानेवारी 2010 ला उठवली. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांना ही चाचणी सक्तीची होती, कोरियन शिक्षकांना मात्र नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दुसऱ्यांदा चाचणी द्यायला नकार दिला आणि नोकरी गमावली. ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे गेली आणि 2015 मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला. आमच्याच पेशातली बाई, म्हणून मला तिचं जास्त कौतुक.

आपल्याकडचे काही लोक या हद्दपारीला दीनचा आधार देतात. जुम्यानंतर चहा पिताना हा विषय निघाला (अर्थात मुलाचं नाव न घेता), तेव्हा एकाने मला ताऊनची, म्हणजे प्लेगची हदीस ऐकवली. साथ असेल त्या मुलखात जाऊ नका. मी म्हटलं, पुढचा अर्धा भागही सांगा. तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून बाहेर पडू नका. म्हणजे आजारी माणसाला सीमेपार ढकलून द्या, असं त्यात कुठेच नाही. इसवी सन 638-39 च्या सुमारास शाममध्ये अमवासचा प्लेग आला. हजरत उमर वाटेतूनच मागे फिरले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण सेनापती अबू उबैदा आपल्या माणसांना सोडून यायला तयार झाले नाहीत आणि त्याच साथीत गेले, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. आणि मुळात एचआयव्ही म्हणजे प्लेग नाही. एका खोलीत राहून, एका ताटात जेवून, सलाम करून, गळाभेट घेऊन तो होत नाही. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. हे आता वैद्यकशास्त्रात सिद्ध झालं आहे. मग कसली साथ आणि कसली सीमा?

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी भारताने परदेशी विद्यार्थ्यांच्या चाचण्या केल्या आणि पॉझिटिव्ह निघालेल्या आफ्रिकी मुलांना परत पाठवलं. 1989 मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं, त्यातून तो पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. तर त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशात क्षयरोगाच्या इस्पितळात 64 दिवस डांबून ठेवलं. त्याची आई ल्युसी कोर्टात गेली. कायदा कोर्टाने रद्द केला नाही. आपल्याच देशात, आपल्याच गावात तो परका ठरला. 1992 मध्ये तो वारला.

मात्र आपण तिथेच थांबलो नाही, हेही खरं आहे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. तो काम करायला सक्षम होता, केवळ एचआयव्ही आहे म्हणून एका सरकारी महामंडळाने त्याला घरी बसवलं होतं. न्यायालयाने त्याचं नावसुद्धा उघड होऊ दिलं नाही, निकालात तो ‘एमएक्स’ आहे. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही, निकाल गुप्त ठेवायचा, नोकरीची अट म्हणून चाचणी हा भेदभाव धरायचा.

आता माझा प्रश्न. हा कायदा भारताच्या जमिनीवर लागू आहे. आखाताच्या व्हिसासाठी रक्त घेणारी केंद्रंही भारताच्याच जमिनीवर आहेत. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या पोराला कुणी सांगतं का, की तुझी एचआयव्हीची चाचणी होते आहे? पॉझिटिव्ह निघाला तर बाजूला बसवून कुणी बोलतं का? की ‘अनफिट’ एवढं सांगून पुढच्याला हाक मारतात? परदेशाचा नियम आपण बदलू शकत नाही. पण मुंबईतल्या केंद्राने समुपदेशन करून त्या माणसाला जवळच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी द्यावी, ही सक्ती आपलं सरकार उद्यापासून करू शकतं. आणि परत पाठवलेल्या माणसाच्या हातात त्या देशातल्या आपल्या दूतावासाने एक पत्र द्यावं. तो देश देत नसेल तर आपण द्यावं. डॉलर-दिरहम पाठवत होता तोवर तो आपला होता ना?

आणि मोहल्ल्याचं काय? परदेशाने एकदा हाकललेल्या माणसाला आपण दर संध्याकाळी पुन्हा हाकलतो. ‘कधी जाणार परत?’ हा आपला सगळ्यात आवडता प्रश्न. आपण तो प्रेमाने विचारतो, पण त्याच्यासाठी तो प्रश्न म्हणजे दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त असतं.

त्या दिवशी मी त्याला सल्ला दिला नाही, बरोबर चालतो म्हणालो. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. 2004 पासून सरकार हे औषध मोफत देतं, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर वर्षही मला नंतर कळलं. आधी 1097 या मोफत हेल्पलाइनवर फोन केला, मग गेलो. समुपदेशक मुलगी मराठीत बोलत होती, तो उर्दूत उत्तरं देत होता, आणि मध्ये मी कारण नसताना भाषांतर करत बसलो होतो, दोघांनाही सगळं समजत असताना.

आता तो रोज एक गोळी घेतो. बायकोला त्याने त्या समुपदेशकासमोर सांगितलं. ती बराच वेळ रडली आणि मग पहिलं वाक्य बोलली ते असं, ‘म्हणजे तिकडे दुसरी कुणी नव्हती?’ तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. द्वारकाजवळ एका दुकानात त्याला एसीचं काम मिळालंय, पगार तिकडच्या निम्म्याहून कमी.

तो कागद मात्र माझ्याच कपाटात आहे, आठवीच्या उर्दू पुस्तकांखाली. एकत्र कुटुंबात तो ठेवायला त्याच्याकडे जागा नाही.