नाव बदलण्याचा भाव

गोरेगाव म्हटलं की लंडनमध्ये भेटणारा मराठी माणूस हमखास फिल्मसिटीचं विचारतो. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हळदीचं नि सोयाबीनचं. मागच्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुतण्याच्या लग्नाला बंगळुरूला जायचं होतं. मी इथूनच दोन महिने आधी नागपूरहून स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढलं, 3,800 रुपयांना. लग्न आठवड्यावर आलं आणि अण्णा गोठ्यात घसरून पडले. धाकटा भाऊ म्हणाला, "मी जातो." विमान कंपनीच्या फोनवरची मुलगी मात्र गोड आवाजात एकच सांगत राहिली: नाव बदलता येत नाही, हे रद्द करा, नवं काढा. जुन्याचं काही परत मिळणार नाही. नवं पडलं 9,200 ला.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नात माझं नाव तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं. कुणी रुपया मागितला नाही."

कंपन्या सुरक्षेकडे बोट दाखवतात. पण दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहतो. आधार अण्णांचं असो की धाकट्याचं, तपासणी तीच. आणि इकडे युरोपात रायनएअर नाव बदलून देतेच की! ऑनलाइन 115 युरो, विमानतळावर 160. पुष्कळदा मूळ तिकीटही एवढ्याचं नसतं. पैसे मोजले की जो धोका नाहीसा होतो, तो धोका कसला?

खरं कारण धंद्याचं आहे. तीच खुर्ची आधी स्वस्त नि शेवटच्या आठवड्यात महाग विकायची, यावर सगळं गणित उभं. नावं मोकळी सोडली तर दलाल दिवाळीची तिकिटं गठ्ठ्यानं उचलून ठेवतील. ही भीती खोटी नाही, आणि तिकिटांचा खुला बाजार मलाही नको.

पण दलालांचा जाच आपल्या रेल्वेइतका कुणी सोसलाय? तरीही तिथे पक्कं तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं. गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज द्यायचा, नातं दाखवायला रेशनकार्ड जोडायचं. एका तिकिटाला एकदाच. हिंगोली स्टेशनवर अण्णांनी स्वतः हे केलेलं आहे. घरच्यांपुरतं आणि एकदाच, एवढ्या दोन अटींत दलालाला शिरायला जागा उरत नाही. विमान कंपन्यांना हाच नियम लावावा; वर कागदी कामाचे दोनशे-तीनशे रुपये घ्यावेत, माझी ना नाही.

आपण परदेशातली मंडळी गावाकडच्यांची तिकिटं सात-सात हजार किलोमीटरवरून काढतो. आजारपण, व्हिसा, रजा यांतलं काही ना काही आडवं येतंच. म्हणून आपल्या इथल्या मराठी मंडळाने सदस्यांच्या सह्यांनिशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला हे लिहावं, अशी माझी विनंती आहे.

तोवर एक करा: रद्द झालेल्या तिकिटावरचे कर लेखी परत मागा. भारतातल्या नियमांनुसार 2016 पासून, मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी, सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क कंपनीला परत करावंच लागतं. प्रवासी गेलाच नाही तरीही. फोनवरच्या मुलीने ते सांगितलं नव्हतं. मी लेखी मागितलं, तेव्हा तीन आठवड्यांनी 712 रुपये आले.