कानगोष्टींचा बाजार

कंपनीचे तिमाही निकाल जाहीर झाले की व्यवस्थापन आणि शेअरबाजाराचे विश्लेषक यांची दूरध्वनीवरून परिषद होते. ती सर्वांसाठी खुली असते. परंतु महत्त्वाचे बोलणे पुष्कळदा ती संपल्यावर, खाजगीत होते. समाजवादी कार्यकर्त्याला या उठाठेवीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही हिस्सा निर्देशांक-फंडांमार्फत याच बाजारात गुंतविला जात आहे, हे त्याला उत्तर आहे. ज्याला वाईट बातमी आधी कळते, तो आधी विकून मोकळा होतो. ज्याला ती उशिरा कळते, तो तेच शेअर चढ्या भावाने पदरात घेतो. कामगाराचा पैसा नेहमी या दुसऱ्या रांगेत उभा असतो.

अमेरिकेत अशा निवडक कुजबुजीस २००० साली नियमाने बंदी झाली. तरीही मार्च २०१६ मध्ये काय घडले? स्मार्टफोनची विक्री घटल्याने आपले उत्पन्न विश्लेषकांच्या अंदाजाहून कमी भरणार, हे एटी अँड टी कंपनीच्या ध्यानात आले. तेव्हा तिच्या अधिकाऱ्यांनी सुमारे २० पेढ्यांच्या विश्लेषकांना एकेकटे गाठून आतले आकडे सांगितले, असा आरोप तेथील रोखे आयोगाने २०२१ मध्ये ठेवला. विश्लेषकांचे अंदाज खाली आले आणि कंपनी 'अपेक्षा' पुरी करून मोकळी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता तिने ६२.५ लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. एवढ्या अवाढव्य कंपनीला हा दंड म्हणजे किरकोळ खर्च होय.

आपल्याकडे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अप्रकाशित माहिती विश्लेषकांना देता येत नाही. एप्रिल २०२२ पासून निकालानंतरच्या परिषदांचे ध्वनिमुद्रण व लिखित वृत्तान्त प्रसिद्ध करणेही सक्तीचे झाले. मात्र बैठकांच्या वेळापत्रकासंबंधीच्या नियमात 'बैठक' म्हणजे सामूहिक बैठक, अशी व्याख्या आहे. समोरासमोरच्या एकट्या भेटी तिच्या बाहेर राहतात. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

विश्लेषक म्हणतात, आम्ही केवळ बारीकसारीक तपशील जुळवितो, त्यात गुपित काही नसते. गुपित नसेल तर तेच प्रश्न चारचौघांत का विचारू नयेत? आणि त्या भेटींसाठी बड्या गुंतवणूकदारांची एवढी धडपड कशासाठी?

बाजार सर्वांना समान संधी देतो, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. प्रत्यक्षात माहिती हेही भांडवलच आहे, आणि तेही मूठभरांच्या हाती साठले आहे. म्हणून एकट्या भेटींचीही नोंद व वृत्तान्त जाहीर झालाच पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळातील आपल्या प्रतिनिधींमार्फत लावून धरली पाहिजे. ज्यांचा पैसा पणाला लागला आहे, त्यांना विचारण्याचा अधिकार आहे.