लाडकी बहीण: २६ लाख नावं नेमकी कशी अडकली? भिवंडीच्या गोदामातून समजून घ्या

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतल्या सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे दरमहा १,५०० रुपये जून २०२५ पासून थांबले. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जुलैमध्ये हे जाहीर केलं. ही नावं घरोघरी जाऊन शोधलेली नव्हती. विविध सरकारी विभागांकडची माहिती तपासून माहिती व तंत्रज्ञान विभागाने ती पुढे आणली.

हे तंत्र काय आहे?

संगणकाच्या जगात याला 'ईटीएल' म्हणतात: एक्स्ट्रॅक्ट, ट्रान्सफॉर्म, लोड. म्हणजे ठिकठिकाणची माहिती काढायची, एका साच्यात बसवायची आणि एका मोठ्या साठ्यात, म्हणजे डेटा वेअरहाउसमध्ये भरायची.

मुंबई-नाशिक महामार्गालगतची भिवंडीची गोदामं आठवा. गाडीतून माल उतरतो. मग मोजणी होते, फुटका माल बाजूला काढतात, बारकोड लावतात. त्यानंतर खोकं रॅकवर जातं. लेबल चुकीचं लागलं, तर खोकं गोदामात असूनही सापडत नाही.

मेख मधल्या टप्प्यात

योजनेचा नियम सांगतो की कुटुंबाकडे ट्रॅक्टर वगळता चारचाकी नसावी. पण आरटीओच्या नोंदीत मालकाचं नाव असतं, कुटुंब नसतं. मग 'कुटुंब' कुठून आणायचं? रेशन कार्डावरून घेतलं, तर वेगळी राहणारी पण नाव जुन्याच कार्डावर असलेली सूनही दिराच्या गाडीमुळे अपात्र ठरू शकते. म्हणजे दोन्ही नोंदी खऱ्या, तरी जोडणी चुकीची.

नावांचंही तसंच. भिवंडीच्या यंत्रमागांवर मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत. एकच नाव आधी इंग्रजीत आणि मग देवनागरीत गेलं की त्याची तीन रूपं होतात. आधार क्रमांकाने व्यक्ती ओळखता येते, पण कोण कोणाच्या घरात राहतं हे त्यावरून कळत नाही.

मग ई-केवायसीने प्रश्न सुटला का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी बंधनकारक केली आणि पती किंवा वडिलांचा आधारही मागितला. पण कुटुंबात सरकारी नोकरी आहे का, हे विचारणाऱ्या प्रश्नाची रचनाच गोंधळात टाकणारी होती. अनेकींनी चुकीचा पर्याय निवडला. अखेर अशा महिलांची प्रत्यक्ष पडताळणी अंगणवाडी सेविकांकडून करून घेण्याचा निर्णय झाला.

याचा अर्थ काय?

पडताळणी हवीच. एकाहून जास्त योजनांचा लाभ घेणारे, एकाच घरातले दोनपेक्षा जास्त लाभार्थी आणि चक्क पुरुषही यादीत होते, हे सरकारनेच सांगितलं. मात्र 'संगणकाने काढलं' हे उत्तर पुरेसं नाही. संगणक फक्त माणसाने लिहिलेला नियम चालवतो.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक आहेत. मूळ अर्ज जसाच्या तसा जपला पाहिजे. आणि नाव का थांबलं, कोणत्या नोंदीमुळे थांबलं, हे त्या महिलेला कळलं पाहिजे. गोदामातून परत गेलेल्या खोक्यावरसुद्धा कारण लिहिलेलं असतं.